मेहनत सुटली, खुराक राहिला

गेल्या दिवाळीत पंगत उठली आणि माझा भाचा हातात एक कागद घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. कंपनीनं केलेल्या आरोग्य तपासणीचा तो अहवाल होता. गेल्या तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती हे सांगणारी एक चाचणी असते, तिचा आकडा ६.९ आला होता. तो ६.५ किंवा त्याच्या वर गेला की डॉक्टर मधुमेह म्हणतात. भाच्याचं वय ३८, वजन ६८ किलो. दिसायला अगदी सडपातळ.

"मामा," तो म्हणाला, "आबा जन्मभर भाकरीवर तुपाची धार धरून जेवले. गूळ खाल्ला, मटण खाल्लं आणि ८६व्या वर्षीही काठी न घेता मळ्यात जायचे. मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो. मग शुगर मला कशी?"

हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. कुणी तो रागानं विचारतं, कुणी घाबरून. त्याची दोन तयार उत्तरंही लगेच मिळतात. एक म्हणतं, जुनं सगळं चांगलं होतं, तसंच खा. दुसरं म्हणतं, जुन्या गोष्टी सोडा, काळ बदलला. भाच्याला मी या दोन्हींपैकी कुठलंच दिलं नाही. आधी त्याच्या प्रश्नातला एक शब्द नीट बघू या म्हटलं. तो शब्द म्हणजे 'आबा', आमच्या घरातले पूर्वज.

१. पूर्वज म्हणजे नेमके कोण?

'पूर्वजांसारखं खा' हा सल्ला वैद्यकाच्या चर्चेत ठळकपणे आला तो १९८५ साली. त्या वर्षी बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अश्मयुगातल्या आहारावर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाचं शरीर शिकार करण्याच्या आणि कंदमुळं गोळा करण्याच्या काळात घडलं. शेती फार उशिरा आली आणि कारखान्यातलं अन्न तर कालपरवा. शरीर जुनं आणि जेवण नवं, त्यामुळे दोघांचं जमत नाही.

हे अंतर किती मोठं आहे ते एका साध्या हिशेबानं कळेल. आजच्या मानवाची प्रजाती साधारण ३ लाख वर्षांची. ही ३ लाख वर्षं म्हणजे मध्यरात्री सुरू झालेला एक पूर्ण दिवस समजू. मग एक तास म्हणजे साडेबारा हजार वर्षं. शेती साधारण १० हजार वर्षांची, म्हणजे ती सुरू झाली रात्री ११ वाजून १२ मिनिटांनी. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ, मैदा आणि कारखान्यातली साखर यांना दीडशे वर्षं धरली, तर तेवढा काळ म्हणजे दिवसातली शेवटची ४३ सेकंदं. आणि दिवसभर खुर्चीत बसून करायचं संगणकावरचं काम ३० वर्षांचं धरलं, तर शेवटची ९ सेकंदं.

हिशेब मनाला पटतो. पण पुढे त्यातून 'पॅलिओ' नावाची जी पथ्यं निघाली, म्हणजे धान्य नको, डाळ नको, दूध नको, ती मला पटत नाहीत. कारण ११ वाजून १२ मिनिटांनंतर शरीर काही झोपी गेलं नाही. दुधाचंच बघा. दुधातली साखर पचवणारा पाचकरस मुळात लहानपणापुरताच असतो. गुरं पाळणाऱ्या लोकांमध्ये तो मोठेपणीही चालू ठेवणारा बदल पसरला. भारतात हा बदल वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी आढळतो. म्हणून एकाच घरात एकाला पेलाभर दूध पचतं आणि दुसऱ्याचं पोट बिघडतं. दही-ताक मात्र बहुधा दोघांनाही सोसतं, कारण विरजणातल्या जंतूंनी ती साखर आधीच थोडी संपवलेली असते. पिष्ट फोडणाऱ्या लाळेतल्या रसाचंही तसंच. ज्या समाजांत धान्य आणि कंद जास्त खाल्ले गेले, त्यांच्यात हा रस बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती सरासरीनं जास्त आढळतात. भाकरी आपल्या अंगाला परकी नाही.

उलट, जे आपण अगदी पुरातन समजतो ते कधीकधी नवखं असतं. एकादशीचं ताट आठवा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, राजगिरा, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांची जहाजं यायला लागल्यानंतरच्या काळात हे हळूहळू आपल्याकडे रुजलं. ज्ञानेश्वरांच्या काळात मिरचीचा ठेचा नव्हता. यात वाईट काही नाही. पण 'पूर्वजांचं जेवण' म्हणून एकच एक ताट कुठेतरी झाकून ठेवलेलं आहे, ही समजूत सोडायला हवी.

२. इनामगावची मडकी

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. साधारण साडेतीन ते पावणेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते लोक जव पिकवत, मसूर पिकवत, बोरं खात, गुरं आणि शेळ्यामेंढ्या पाळत, हरणाची शिकार करत. ताज्या, स्थानिक, बिनकारखान्याच्या अन्नाचं याहून चांगलं उदाहरण आपल्या मातीत सापडणं कठीण.

पण याच इनामगावात घरांच्या जमिनीखाली मडकी सापडली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आणि आत लहान मूल. अशी दफनं एकदोन नव्हेत, खूप सापडली.

पूर्वजांचं कौतुक करताना मला ही मडकी आठवतात. आबांचीही तीन भावंडं पाच वर्षांच्या आत गेली होती. देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतीयाचं सरासरी आयुर्मान होतं जेमतेम ३२ वर्षं. म्हणजे ३२व्या वर्षी सगळे मरत होते असं नाही. बालपणीच इतकी मुलं जात होती की सरासरी खाली यायची. जी त्यातून तरली ती चिवट होती, आणि त्यांच्यापैकी काही नव्वदीला पोचली. आपल्याला आठवतात ती हीच माणसं, कारण ती आठवणीत राहण्याइतकी जगली. तेव्हा लस, स्वच्छ पाणी आणि प्रतिजैविकं यांचं ऋण मान्य करूनच आबांच्या ताटाकडे वळू या.

३. इतकी वेगळी ताटं, मग सारखं काय?

आर्क्टिकमधले इन्यूइट परंपरेनं जवळजवळ फक्त मासे आणि सील-वालरससारख्या प्राण्यांचं मांस-चरबी खात. पापुआ न्यू गिनीजवळच्या किटावा बेटावर कंद, रताळी, नारळ आणि मासे. टांझानियातले हाड्झा कंद, मध, बाओबाबची फळं आणि मिळेल ती शिकार खातात. आपल्याकडे देशावर ज्वारी, मावळात भात, कोकणात नाचणी-भात-मासळी. एकीकडे स्निग्ध जास्त, दुसरीकडे पिष्ट जास्त. तरी जोवर हे लोक आपापलं अन्न खात होते तोवर मधुमेह त्यांच्यात क्वचितच दिसायचा.

सारखी गोष्ट एकच होती. त्यातलं काहीही कारखान्यातून येत नव्हतं.

याची नेमकी परीक्षा २०१९ साली केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत घेतली. २० माणसांना तिथेच मुक्कामाला ठेवलं. दोन आठवडे पाकीटबंद, कारखान्यातलं अन्न आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं अन्न. दोन्ही वेळी समोर ठेवलेल्या ताटांत उष्मांक, साखर, मीठ, स्निग्ध आणि चोथा मोजून जुळवलेले होते. खायचं मात्र मनाला येईल तेवढं. पाकिटातलं अन्न खाताना माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत सरासरी ९०० ग्रॅमनं वाढली. साध्या अन्नावर तेवढीच घटली. ५०० उष्मांक म्हणजे जवळजवळ तीन भाकऱ्या. रोज तीन भाकऱ्या जास्त जात होत्या आणि खाणाऱ्याला ते जाणवतही नव्हतं.

त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. पाकिटातलं अन्न माणसं भराभर खात होती. ते मऊ असतं, चावावं लागत नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर ताट संपलेलं असतं.

४. भाकरी जवळून

आता भाकरीकडे बघा. माझी आई आज ८१ वर्षांची आहे. अजून ती खाली बसून भाकरी करते. काथवटीत ज्वारीचं पीठ, त्यात गरम पाणी. ज्वारीत गव्हासारखा ताणला जाणारा चिकटपणा नसतो, म्हणून लाटण्यानं काम भागत नाही. तळहाताच्या पाळीनं पीठ रगडायचं, गोळा फिरवत फिरवत थापायचा, अलगद उचलून तव्यावर टाकायचा आणि वरून पाण्याचा हात फिरवायचा. मग उलटून, शेवटी निखाऱ्यावर. पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते. खाताना ती चावावी लागते, आणि कोरडी असल्यानं कालवणाशिवाय, भाजीशिवाय घशाखाली उतरत नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्वारी हे औषध नव्हे. १०० ग्रॅम ज्वारी, गहू आणि तांदूळ यांच्या उष्मांकांत फारसा फरक नाही. पण भाकरी एकटी येत नाही. ती पिठलं आणते, हुलग्याचं माडगं आणते, मटकीची उसळ, कांदा, कच्ची मेथी, तांदुळजा, अंबाडी, घोळ, चिवळ, पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू आणते. वर्षभरात आईच्या ताटातून किती प्रकारची पानं जातात ते मी एकदा मोजलं होतं, १९ भरली. भाच्याच्या घरी पालक, मेथी आणि कोथिंबीर. मला विचाराल तर जुन्या ताटातलं सगळ्यात मोलाचं काय हरवलं, तर ही पानं.

कडधान्याचं कारणही समजून घ्या. प्रथिनं ही मण्यांच्या माळेसारखी असतात. माळ ओवायला वीस प्रकारचे मणी लागतात. ज्वारीत त्यातला एक मणी, लायसिन, कमी पडतो. डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो. डाळीत जो कमी असतो तो धान्यात मिळतो. दोन्ही मिळून माळ पुरी होते.

किती लागतं? निरोगी मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. चार भाकऱ्यांत २०, दोन वाट्या घट्ट वरण-उसळीत १४, मूठभर शेंगदाण्यांत ६ आणि दूध-दही मिळून ३०० मिलिलिटर घेतलं तर १०. झाले ५०. आता यातून उसळ आणि दही काढा, वरण पातळ करा. आकडा तिशीच्या आसपास येतो. आपल्या कितीतरी घरांत हेच झालं आहे. पोट भरतं आणि माळ अर्धी राहते. मांस-मासे-अंडी खाणाऱ्यांना हे गणित सोपं जातं, एका अंड्यात ६ ग्रॅम.

नाचणीबद्दल एवढंच सांगतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम. पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. पण 'नाचणी' असं मोठ्या अक्षरात छापलेलं बिस्किटाचं पाकीट घेतलंत तर ते उलटून मागची बारीक अक्षरं वाचा. पहिलं नाव मैद्याचं असेल, तर तुम्ही मैदा विकत घेतला.

५. सडपातळ, तरी आतून स्निग्ध

पण भाचा जाड नव्हता. मग?

याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापलं. त्यात दोन माणसं शेजारी शेजारी उभी आहेत, स्वतः याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजन मोजायचा जो बीएमआय नावाचा आकडा असतो, तो दोघांचाही अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघं सारखे, आतून दुपटीहून जास्त फरक.

हा फरक जन्मापासून असतो. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं लहान होती, पण सगळीकडून सारखी लहान नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव कमी, चरबी मात्र जवळपास टिकवलेली. टंचाईत वाढणाऱ्या शरीरानं शिल्लक चरबीत टाकली आणि काटकसर स्नायूंत केली. याच अभ्यासात असंही दिसलं की ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार खात होत्या त्यांची बाळं तुलनेनं मोठी होती.

स्नायू कमी असण्याचा साखरेशी काय संबंध? स्नायूंना साखरेची कणगी समजा. जेवल्यावर रक्तात आलेल्या साखरेचा सगळ्यात मोठा वाटा याच कणगीत जातो. कणगीच्या दाराची किल्ली म्हणजे इन्सुलिन. कणगी लहान असेल, किंवा कधी रिकामीच होत नसेल, तर आलेलं धान्य अंगणात पडून राहतं. अंगण म्हणजे रक्त. भाच्याच्या अहवालातला ६.९ हा आकडा म्हणजे अंगणात साचलेलं धान्य. आणि गंमत बघा, स्नायू काम करायला लागले की ते दार किल्लीशिवायही उघडतं. जेवणानंतरची शतपावली म्हणूनच शहाणपणाची. फक्त शंभर पावलं एका मिनिटात संपतात. १० ते १५ मिनिटं चाललं, म्हणजे हजार-दीड हजार पावलं टाकली, की साखरेची उसळी चांगली खाली येते.

६. आबांचं तूप कुठे गेलं?

आता नांगराचा हिशेब करू. बैलाच्या नांगराचा एक तास, म्हणजे जमिनीत पडणारी एक रेघ, वीतभर म्हणजे २० सेंटिमीटर रुंद धरा. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्याला ०.२ नं भागा. २० हजार मीटर, म्हणजे २० किलोमीटर. दिवसात अर्धा एकर नांगरला तर १० किलोमीटर चालणं झालं, तेही ढेकळांतून, नांगराच्या रुमण्यावर भार देत. बैलांना हाक घालणं आणि वळणावर नांगर उचलून फिरवणं वेगळं.

हे ऐकून वाटतं की आबा तूप जाळून टाकत होते. गोष्ट इतकी सरळ नाही. हर्मन पाँटझर आणि सहकाऱ्यांनी हाड्झा लोकांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च अचूक मोजला आणि २०१२ साली प्रसिद्ध केला. दिवसभर चालणाऱ्या, खणणाऱ्या या लोकांचा एकूण खर्च, अंगाचा आकार लक्षात घेता, खुर्चीत बसणाऱ्या शहरी माणसाइतकाच निघाला. शरीर घरखर्चासारखं वागतं. पगार ठरलेला, एकीकडे जास्त गेले तर दुसरीकडे हात आखडतं. म्हणून नुसत्या व्यायामानं वजन फारसं उतरत नाही, ते ताटावर ठरतं. मात्र ती ऊर्जा कशावर खर्च होते हे कामावर ठरतं. हालचालीवर खर्च झाली तर कणगी रिकामी होते, हृदय बळकट राहतं.

हृदयाचा पुरावा तर १९५३ पासूनचा आहे. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसचे कर्मचारी तपासले. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसातून पाचशे-सातशे पायऱ्या चढणारा. राहणीमान जवळपास सारखं. कंडक्टरांत हृदयविकार लक्षणीयरीत्या कमी, आणि झटका आलाच तर जीव वाचण्याची शक्यता जास्त.

कष्टांचे गोडवे गातानाही एक भान हवं. पुण्याजवळच्या त्याच सहा गावांत, ज्या गरोदर बायका शेतात आणि पाणी भरण्यात सगळ्यात जास्त राबत होत्या, त्यांची बाळं अधिक लहान जन्मली. पहाटे तीनला उठून जात्याशी बसणाऱ्या, मग विहिरीवर आणि मग शेतावर जाणाऱ्या बाईचं आयुष्य आरोग्याचा नमुना नव्हतं. ते उपाशीपोटीचं राबणं होतं. जातं परत आणा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

तालमीत दोन शब्द कायम जोडीनं येतात, मेहनत आणि खुराक. जशी मेहनत तसा खुराक, हे वस्ताद पोराला पहिल्याच महिन्यात शिकवतो. आणि कुस्ती सोडलेल्या पैलवानाची दशा गावाला ठाऊक असते. मेहनत सुटते, खुराक तसाच राहतो आणि अंग सुटतं. आपल्या दोन पिढ्यांचं हेच झालं. आबांचं ताट आपण वारशानं घेतलं, त्यातली पानं वगळली, पाकिटं जोडली आणि नांगर सोडून दिला.

७. शरीर मागाल तेवढंच देतं

"मग रोज अर्धा तास चालतो," भाचा म्हणाला. चालणं उत्तमच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. पण तीच संघटना आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर लावणारा व्यायामही सांगते, आणि तो सल्ला आपण सोयीनं विसरतो. शरीर हिशेबी असतं. जे काम मागितलं जात नाही, त्याची ताकद ते सांभाळत बसत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू काही टक्क्यांनी घटत जातात. नुसतं चालणाऱ्याचे पाय टिकतात, पण खांदे, पाठ आणि पकड जाते.

शेत आणि घर मिळून सात-आठ वेगवेगळी कामं शरीराकडून मागत. रहाटाचा दोर ओढणं, जातं ढकलणं, पेंढी वाकून उचलणं, हंडा डोक्यावर तोलणं, उकिडवं बसून खुरपणं, बांधावरून तोल सावरत चालणं. २००० साली कॅलिफोर्नियात 'क्रॉसफिट' नावाची व्यायामपद्धत सुरू झाली. तिचा गाभा हाच, रोज बदलणारं, जगण्यातल्या हालचालींसारखं काम. आपल्या तालमीत तेच वेगळ्या नावांनी होतं. जोर छाती-खांद्यांसाठी, बैठका मांड्यांसाठी, करेल, म्हणजे लाकडी मुगदल, फिरवणं पकड आणि खांद्यांसाठी. ब्रिटिशांनी ही मुगदलं उचलून 'इंडियन क्लब' म्हणून स्वतःच्या देशात नेली. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब म्हणजे पकड, पोट आणि तोल यांची एकत्र परीक्षा. आणि कुस्तीच्या मातीचा हौदा. कोल्हापूरच्या एका तालमीत मी तो खणताना पाहिला आहे. लाल माती, त्यात ताक, तेल, हळद आणि लिंबू. दोन पोरं फावड्यानं ती माती खालीवर करत होती. पाच मिनिटांत दोघांच्या पाठीवरून घाम ओघळायला लागला, आणि कुस्ती तर अजून सुरूच झाली नव्हती.

औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधी राजांनी ज्याचा आयुष्यभर प्रसार केला तो सूर्यनमस्कार घरातल्या चटईवरही होतो. त्यात वाकणं आहे, ढकलणं आहे, ताणणं आहे. ओढणं आणि वाहून नेणं मात्र नाही, ते वेगळं करावं लागतं.

८. भाच्याचे चार महिने

त्या दुपारी आईचं जेवण झालं. ती पाटावरून उठली, हात न टेकता, हातात ताट घेऊन. भाच्याला म्हटलं, तू उठून दाखव. त्याला एक हात जमिनीवर आणि एक गुडघ्यावर ठेवावा लागला. ब्राझीलच्या क्लॉडिओ जिल आराउजो यांनी याचीच चाचणी केली आहे. बसायला ५ गुण, उठायला ५, आणि हात किंवा गुडघा टेकला की दर वेळी एक गुण वजा. ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांत, ज्यांचे गुण फार कमी होते त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यू बरेच जास्त होते. उठता न येणं हे मृत्यूचं कारण नव्हे. ताकद, तोल आणि सांध्यांची लवचीकता एकदम कमी झाल्याची ती खूण आहे.

भाचा आधी डॉक्टरांकडे गेला. हे मी मुद्दाम सांगतो. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक धान्य कमी केलं आणि व्यायाम वाढवला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि पहिल्याच दिवशी ईर्ष्येनं शंभर बैठका मारू नका. सवय नसलेले स्नायू इतके तुटू शकतात की लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडावर येतं. तसं दिसलं तर तडक दवाखाना.

त्यानं सुरुवात पाच बैठका आणि भिंतीला हात टेकून पाच जोर, इथून केली. दर आठवड्याला दोन वाढवले. पाण्याचा २० लिटरचा कॅन एक मजला स्वतः चढवायला लागला, पाठ सरळ ठेवून, अंगाजवळ धरून. सोसायटीच्या बागेतल्या दांड्याला लोंबकळू लागला, पहिल्या दिवशी नऊ सेकंद. रात्रीचं जेवण खाली बसून, आणि त्यानंतर १५ मिनिटं चालणं. ताटात भात अर्धा, उसळ दुप्पट, रोज एक पालेभाजी आणि पाकिटं फक्त रविवारी. तूप सोडलं नाही, चमचाभर ठेवलं.

मार्चमध्ये आकडा ६.२ आला. डॉक्टरांनी एक गोळी चालू ठेवली आहे. वजन दीडच किलो उतरलं, पण दांड्याला तो आता पाऊण मिनिट लटकतो. पाटावरून उठताना अजून एक हात लागतो. नाचणीची भाकरी स्वतः थापायचा त्याचा हट्ट आहे आणि ती रोज फाटते. परवा आईनं त्याला फोनवर सांगितलं, पाणी कोमट नको रे, चांगलं उकळू दे, पीठ त्यात वाफवून घे आणि मग मळ.